नवार मोजायची राहिली

ओस्नाब्रुक, जर्मनी
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. आप्पांस आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आप्पांना धड ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर ते सगळा वेळ मला स्वतःचा कानच दाखवतात, म्हणून हे पत्र. शिवाय आज रविवार. इथे रविवारी ड्रिल, ग्राइंडर, हातोडा काही वाजवायचं नाही असा कायदाच आहे. आपल्या पेठेत दुपारी एक ते चार कुणी दार वाजवलं तर जे व्हायचं, ते इथे दिवसभर. मध्ये एका रविवारी विसरून मी दोनच ठोके मारले, तर पलीकडचे आजोबा कुंपणाशी येऊन उभे राहिले. बोलले काहीच नाहीत, नुसते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

तर मुद्द्याचं. मी जुनी गाडी घेतलीय हे दादाने सांगितलंच असेल, आणि कसं सांगितलं असेल तेही मला माहीत आहे. फोक्सवॅगन बीटल आहे, १९७८ ची. इंजिन मागे आणि तेही हवेवर थंड होणारं, म्हणजे आप्पा, एका अर्थाने तुमच्या रिक्षाच्याच जातीची. माझी आहे ती उघडझाप होणाऱ्या छपराची. ही उघडी बीटल याच गावात बनायची, कारमान नावाच्या कारखान्यात. १९४९ पासून १९८० च्या जानेवारीपर्यंत सव्वातीन लाखांच्या वर गाड्या काढल्या त्यांनी. कारखाना आता फोक्सवॅगनकडे आहे.

कापड फाटलेलं होतं म्हणून स्वस्तात मिळाली. मी म्हटलं, कापड तर कापड, रिक्षांना हूड चढवणाऱ्याची पोर आहे मी. दोन शनिवारांत चढवीन.

हे मी मे महिन्यात म्हटलं होतं.

हिचं हूड म्हणजे रिक्षाच्या हुडाचा श्रीमंत आतेभाऊ. तीन थर आहेत. वर जाड रेक्झीन, मध्ये रबरात बसवलेल्या केसांची गादी आणि आतून अस्तर. मागची काच खरी काच, आपल्यासारखं पिवळं पडणारं प्लॅस्टिक नव्हे. एवढा सगळा संसार घडी करून मागच्या सीटच्या पाठीशी ठेवला की गाडीने पुणेरी पगडी घातल्यासारखी दिसते आणि आरशात आकाशाच्या खालचं काही दिसत नाही. आणि रिक्षाचे पाइप जागच्या जागी असतात, इथे सगळा ढाचाच हलता. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांच्या कात्र्या, त्यांच्यावर आडव्या कमानी, आणि प्रत्येक सांध्यात रिवेट. छप्पर मागे ढकललं की सगळं एकात एक मिटतं. मिटताना मध्ये काय आहे ते बघत नाही. आई, बोट आता बरं आहे, नख काळं पडलंय एवढंच. हळद लावली होती.

कापड उतरवलं आणि मग खरा प्रकार दिसला. पुढचं टोक धरून हलवलं तर अख्खा ढाचा डावी-उजवीकडे बोट-दोन बोटं झुलत होता. प्रत्येक रिवेट थोडा थोडा झिजलेला. एकेका सांध्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर खेळ, पण खांद्यापासून टोकापर्यंत तो साठत जातो. आधीच्या मालकाने त्यावर दोनदा तरी नवं कापड चढवलं असावं, चुकांची, म्हणजे बारीक खिळ्यांची, भोकं शेजारी शेजारी होती. म्हणजे प्रत्येक वेळी कापडाला शिक्षा. "कापड रडतंय म्हणजे आत पाइप वाकलाय," हे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचात आणि गिऱ्हाईक म्हणायचं, तुम्ही फक्त रेक्झीन बदला. तुम्ही वाकलेल्या पाइपावर रेक्झीन लावायला नकार देऊन रिक्षा परत पाठवलेली मी पाहिलीय, तेही मृगाच्या तोंडावर, जेव्हा रामोशी गेटापर्यंत रिक्षांची रांग असायची. तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

रिवेट काढायचे म्हणजे डोकं घासून सपाट करायचं, मधोमध पंचाने खूण करायची, मग ड्रिल. पहिल्या दोघांना नीट पंच मारला. तिसऱ्याला वाटलं, आता हात बसलाय. ड्रिल घसरलं आणि भोक लांबट झालं. अर्धा तास नुसती बघत बसले. शेवटी भोक वाढवून पुन्हा गोल केलं आणि त्यात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, ठोकला. आता तोच सांधा सगळ्यात चांगला चालतो, म्हणून मग जिथे जिथे भोकं झिजली होती तिथे बुशच घातले. नवे रिवेट मारताना दोन पट्ट्यांच्या मध्ये पातळ वायसर घालायचा आणि रिवेट किती ठोकायचा याचा अंदाज ठेवायचा. जास्त बसला तर कात्री हलत नाही, कमी बसला तर पुन्हा तोच खेळ. चार ठोके, मग हलवून बघ. दोन ठोके, मग हलवून बघ. वर शिलाई मशीनचं तेल.

गंज जास्त होता तो पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, जिथे हात पोचत नाही. तारेचा ब्रश, पॉलिशपेपर, रेड ऑक्साईड, मग काळा रंग, सगळं हाताने. इथे लोक ढाचा भट्टीत पावडर कोटिंगला देतात. दिसतं झकास, पण रंगाचा जाड थर सांध्यात बसला की सगळं जखडतं. मी दिला नाही. खरं सांगायचं तर पैसेही वाचले.

सगळ्यात वाईट अवस्था पुढच्या आडव्या पट्टीची होती, जी काचेच्या वर येऊन बसते. ती लाकडाची असते आप्पा! एवढी जर्मन गाडी आणि छपराचं नाक लाकडाचं. कापडाच्या पुढच्या कडेतून पाणी आत जातं आणि वर रेक्झीन असल्याने ते बाहेर येत नाही. बाहेरून रंग शाबूत होता. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर चहात बुडवलेल्या खारीसारखा आत गेला. मागे बॉडीला कापड ठोकायची लाकडी पट्टी त्या मानाने बरी निघाली, दोन ठिकाणीच ठिगळ लागलं.

नवी पट्टी बाजारात मिळते, पण तिची किंमत वाचून मी लाकूडच आणलं, अ‍ॅशचं. क्रिकेटच्या स्टंपांना वापरतात ते. पट्टीला दोन दिशांनी बाक आहे, वरून पाहिलं तरी आणि समोरून पाहिलं तरी. एकाच फळीतून कोरली तर बाकाच्या जागी रेषा आडव्या जाऊन तिथेच मोडेल. म्हणून पातळ पट्ट्या काढून एकावर एक चिकटवल्या आणि शिकंज्यांत दोन दिवस आवळून ठेवल्या. साचा जुन्या पट्टीवरून पुठ्ठ्याचा केला. पहिली पट्टी सुटल्यावर सरळ झाली, अगदी शेपूट नळीतून काढल्यासारखी नाही, पण व्हायची तेवढी झाली. दुसऱ्या वेळी साच्याचा बाक मुद्दाम थोडा जास्त ठेवला, तेव्हा जमलं. रंध्याचा भुसा अजून माझ्या डब्यांपर्यंत येतो.

आता जी गोष्ट लिहायला इतका वेळ लावला ती लिहिते. कमानींमध्ये अंतर धरून ठेवायला नवार असते. खाटेला असते तशीच सुती, रुंद, दोन्ही बाजूंना पुढून मागेपर्यंत. कोणती कमान कुठे उभी राहणार हे तीच ठरवते, ढाचा एकटा ठरवत नाही. आणि ती मी न मोजता काढली. सडलेली होती, हात लावताच तुटली, वगैरे सगळं खरं आहे, पण मी टेप खिशात असून मोजलं नाही. फोटो काढले होते पन्नास. फोटोत अंतर मोजता येत नाही.

तुम्ही जुनं हूड काढण्याआधी खडूने पाइपावर खुणा करायचात आणि मला टेपचं टोक धरायला लावायचात. बारा वर्षं मी टोक धरलं. आकडा तुमच्याकडे, टोक माझ्याकडे. चुका ठोकायला मागितल्या तर म्हणायचात, तू पुस्तक धर. मी पुस्तक धरलं, त्याचं चांगलंच झालं, तक्रार नाही. पण तेव्हा एक तरी हूड ठोकू दिलं असतंत तर मे महिन्यात खिशातला टेप आपोआप बाहेर आला असता, असं मला राहून राहून वाटतं.

असो. मार्ग काढला तो तुमच्याच दुकानातला. आधी दारं बघितली. छप्पर कापलं की गाडीचा कणा ढिला पडतो, म्हणून कारमानवाल्यांनी दारांखालच्या पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, जादा लोखंड घातलेलं असतं. तेच गंजलं असेल तर गाडी मधून बसते आणि मग ढाचा कितीही सरळ करा, काही उपयोग नाही. दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या निघाल्या, देवाची कृपा. मग ढाचा गाडीवर चढवला, दारांच्या काचा पूर्ण वर केल्या आणि बाजूच्या पट्ट्या काचांच्या कडेला समांतर येईपर्यंत खालचे बोल्ट हलवत बसले. सहा संध्याकाळी गेल्या त्यात. डावं जुळलं की उजवं बिघडायचं.

त्यानंतर सुतळी. पुढच्या पट्टीपासून मागच्या काचेच्या चौकटीपर्यंत तीन सुतळ्या ताणल्या, एक मधून आणि दोन कडेने, आणि कमानी त्यांना खालून नुसत्या टेकतील अशा उभ्या केल्या. एखादी कमान सुतळीला वर ढकलत असेल तर तिथे कापडाला कुबड येणार, सुतळी आणि कमान यांच्यात बोट जात असेल तर तिथे पावसाचं पाणी साचणार. मग छप्पर मिटवून बघितलं, कमानी एकमेकींवर आपटत नाहीत ना. मधली आपटत होती. ती दोन सेंटिमीटर मागे घेतली, पुन्हा सुतळी. शेवटी जिथे सुतळीही खूश आणि घडीही बसते अशी जागा सापडली आणि तिथे नवी नवार तात्पुरती ठोकून ठेवली. चुका अर्ध्याच मारल्यात, काढता येतील अशा. आणि आप्पा, आता सगळे आकडे गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलेत. घरमालकिणीने विचारलं, हे काय. मी म्हटलं, श्लोक.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात.

एक, विचारायचं आहे. तुम्ही रेक्झीन चढवण्याआधी दुपारच्या उन्हात फुटपाथवर पसरून ठेवायचात, ते मऊ पडलं की मग ताणायचात. इथे आज बारा डिग्री आहे आणि ऑक्टोबरात याहून कमी होईल. गरम हवेची गन मिळते, पण ती एकाच जागी तापवते आणि माझा अंदाज असा की तिथेच कापड जास्त ताणलं जाऊन पुढच्या उन्हाळ्यात सैल पडेल. खोली तापवून त्यात रात्रभर कापड ठेवलं तर चालेल, की चढवताना हातात गरमच असायला हवं? आणि आधी मधून ठोकून कडांकडे जायचं हे मला आठवतंय, पण पहिली चूक पुढे मारायचात की मागे? माझ्या डोळ्यांसमोर तुमची पाठच येते, हात दिसत नाही. दादाला विचारू नका, तो खात्रीने चुकीचं सांगेल. तुम्हीच बोला आणि चिऊकडून लिहून घ्या, तिचं अक्षर चांगलं आहे.

घाई अशी की कापड चढल्याशिवाय गाडी पासिंगला नेता येत नाही. इथे ती दर दोन वर्षांनी करावी लागते आणि आरटीओच्या बाहेर जसं कुणी "मॅडम, करून देतो" म्हणतं, तसं इथे कुणी म्हणत नाही. गाडी तीस वर्षांच्या वरची आणि मूळ रूपात नीट राखलेली असेल तर नंबर प्लेटच्या शेवटी एक वेगळं अक्षर मिळतं आणि टॅक्स ठरावीक होतो. ते मला हवंय. तोवर गाडीवर ताडपत्री आहे. निळी, आपल्याकडे मांडवावर टाकतात तसलीच. शेजारच्या आजोबांना ती ड्रिलपेक्षाही आवडत नाही.

दोन, तुमची ती रुंद तोंडाची पक्कड, नवार आणि कापड ताणायची, जिच्या मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलंय. इथे तसली मिळते, मी हातात घेऊन बघितली, पण तोंड अरुंद आहे आणि कापडाला दात लागतात. तुमची दुकान बंद केल्यापासून माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहे. आई, तुला पेटी माहीत आहे, हिवाळ्याच्या गोधड्यांच्या मागे. नसली तर जुन्या बाजारात बुधवारी बघायला सांग दादाला, पण आधी पेटी बघ.

वहिनीचा भाचा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हॅनोव्हरला येतोय. त्याच्याबरोबर पक्कड द्या. मोठ्या बॅगेत घालायला सांगा, हातातल्या बॅगेत घातली तर विमानतळावर काढून घेतील. चकली पाठवलीत तरी चालेल, पण वजनात बसत नसेल तर आधी पक्कड.

तुमची,
मंगल

ता.क. – आप्पा, वायसर कोणते घातलेत हे तुम्ही विचारणारच. नायलॉनचे.