शिबिराची तारीख ठरवण्याआधी

ठाणे,
१८ जानेवारी २०२६

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. थॅलसेमिया आणि सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांच्या तपासणीचं शिबिर कॉलेजात घ्यायचं तू मनावर घेतलंस, याचा मनापासून आनंद झाला. चारशे मुलं, एकच दिवस आणि महिनाअखेरीस समारंभात रिपोर्टवाटप, असा बेत तू लिहिला आहेस. चारशे मुलं जमतील, एका दिवसात जमणार नाही आणि समारंभात रिपोर्ट तर अजिबात वाटू नकोस. का, ते सविस्तर लिहितो.

तपासणी एचपीएलसी मशीनवर होते, ते रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतं. एका नमुन्याला सहा-साडेसहा मिनिटं, म्हणजे तासाला नऊ-दहा नमुने. चारशे नमुन्यांना मशीन चाळीस तासांहून जास्त चालवावं लागतं, रोजचं कॅलिब्रेशन आणि कंट्रोल वेगळंच. एचपीएलसीसाठी फ्रिजमध्ये ठेवलेलं रक्त आठवडाभर टिकतं, त्याची काळजी नाही. अडचण सीबीसीची, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची आहे. ईडीटीएच्या (गुठळी होऊ न देणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमध्ये रक्त फ्रिजबाहेर पडून राहिलं की तांबड्या पेशी पाणी शोषून फुगतात. सकाळी ७८ असलेला एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, दुसऱ्या दिवशी ८१-८२ दिसू शकतो. ८० च्या खाली असलेल्यांकडे आपण संशयाने बघतो, आणि नेमका तोच मुलगा 'नॉर्मल' म्हणून सुटतो. म्हणून चार दिवस घे, रोज शंभर. दोन टेक्निशियन असले तर तीन तासांत रक्त घेऊन होतं. नेरुळहून ठाण्याला गाडीने नमुने पाठवू नकोस. ऐरोली-विटाव्याच्या कोंडीत दुपार जाते. ट्रान्स-हार्बर लोकलने एक मुलगा बॉक्स घेऊन आला तर पाऊण तासात लॅबमध्ये पोचतो.

बॉक्समध्ये जेलपॅक ठेव, पण ट्यूब त्यांना टेकू देऊ नकोस. मध्ये वर्तमानपत्राची जाड घडी घाल. रक्ताचा बर्फ झाला तर पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रेषेपर्यंत, २ मिली रक्त भरायचं आणि लगेच ती आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करायची. हलवायची नाही, उलटायची. हे राहिलं की बारीक गुठळी होते आणि मशीनची सुई अडते. मुलांना उपाशी येऊ नका म्हणून आधीच बजाव. रक्ततपासणी म्हटली की मुलं सवयीने नाश्ता टाळतात आणि रांगेत चक्कर येऊन पडतात. या तपासणीला उपास लागत नाही. फॉर्मवर एक प्रश्न मात्र हवाच: गेल्या चार महिन्यांत रक्त चढवलं आहे का? चढवलं असेल तर रिपोर्ट दात्याच्या रक्ताचा येतो, त्या मुलाचा नाही. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी पालकांची सही घे.

आता आकडे कसे वाचायचे ते. हिमोग्लोबिन ए-टू हा प्रकार ४ टक्के किंवा त्याहून जास्त आणि पेशी लहान, म्हणजे थॅलसेमिया मायनर, म्हणजे वाहक. ३.५ ते ३.९ हा अडचणीचा पट्टा. लोह कमी असलं की ए-टू खाली येतो, बी-१२ कमी असलं की थोडा वर जातो. मुलींमध्ये लोहाची कमतरता इतकी आहे की या पट्ट्यात बऱ्याच जणी सापडतील. त्यांचं फेरिटीन (शरीरातला लोहाचा साठा) बघायचं, लोह कमी निघालं तर तीन महिने गोळ्या द्यायच्या आणि पुन्हा एचपीएलसी करायची. 'बॉर्डरलाइन' लिहून कागद हातात ठेवायचा नाही.

सीबीसीमध्ये आणखी एक खूण असते, ती तुझ्या बायोलॉजीच्या मुलांना जरूर शिकव. एकीचं हिमोग्लोबिन ११.४, तांबड्या पेशी ५.९ दशलक्ष, एमसीव्ही ६२. दुसरीचं हिमोग्लोबिन ९.२, पेशी ४.१ दशलक्ष, एमसीव्ही ७२. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भाग. पहिलीचा आकडा साडेदहा, दुसरीचा साडेसतरा. १३ च्या खाली आला तर थॅलसेमियाचा संशय, वर आला तर बहुधा लोहाची कमतरता. पहिलीचं शरीर लहान पेशी भरपूर बनवतंय, दुसरीकडे पेशी बनवायला लोहच नाही. पहिलीला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि तिची मूळ गोष्ट कुणी तपासत नाही. मला सर्वांत जास्त खंत याची वाटते.

सिकलसेलच्या वाहकाचा एमसीव्ही बहुतेक वेळा ठीक असतो, त्यामुळे सीबीसीवर चाळणी लावून ते सापडत नाहीत. त्यांच्यासाठी सोल्युबिलिटी टेस्ट सगळ्यांचीच करायची. मुरबाडच्या पाड्यावर तुमचं सात दिवसांचं निवासी शिबिर असतं, तिथेही ती करता येईल. २ मिली रीएजंटमध्ये (तपासणीच्या द्रावणात) २० मायक्रोलिटर रक्त टाकायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि ट्यूब काळ्या रेघांच्या कार्डासमोर धरायची. द्रावण लालसर पण पारदर्शक असेल तर रेघा स्पष्ट दिसतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर ते गढूळ होतं आणि रेघा नाहीशा होतात. दमट हवेत रीएजंटमधलं डायथायोनाइट हे रसायन लवकर मरतं, मग सगळ्याच ट्यूब स्वच्छ दिसतात आणि आपण खूश होतो. म्हणून प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला एक माहीत असलेला पॉझिटिव्ह नमुना लावायचाच. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर रक्त दुप्पट घ्यायचं. या टेस्टने वाहक कोण आणि आजारी कोण ते कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी लागतेच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळावर तर ती करूच नये.

'थॅलसेमिया हा सिंधी लोकांचा आजार, आमच्यात नसतो,' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबव. उल्हासनगरमुळे आपल्याकडे ही समजूत पक्की झाली आहे. सिंधी, लोहाणा, पंजाबी समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे हे खरं, पण कोळी आणि सारस्वतही त्या यादीत आहेत. देशभराची सरासरी तीन-चार टक्के धरली जाते, म्हणजे तुझ्या चारशेत बारा ते सोळा मुलं निघतील. सिकलसेल शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपुरता नाही. विदर्भातून, नंदुरबारहून शिकायला आलेली मुलं तुझ्याच वर्गात बसतात.

ही बारा-सोळा मुलं म्हणजे तुझं खरं शिबिर. प्रत्येकाला वीस मिनिटं, बंद खोलीत, समुपदेशकासमोर. पाकीट चिकटवलेलं, वर फक्त क्रमांक. व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी गेली की एखाद्या मुलीचं लग्न मोडतं आणि पुढच्या वर्षी कुणी हात पुढे करत नाही. त्यांना सांगायचं ते थोडकंच आहे. मायनर हा आजार नाही, तो पुढे मेजर, म्हणजे वरचेवर रक्त चढवावं लागणारा आजार, होत नाही, आहार-व्यायाम नेहमीसारखा. कारणाशिवाय लोह घ्यायचं नाही. भावंडांनीही तपासून घ्यायचं. आणि जोडीदाराची तपासणी लग्नाआधी, निदान मूल होऊ देण्याआधी करायची. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल निरोगी निघालं म्हणून दुसऱ्या वेळी ती कमी होत नाही. एक थॅलसेमियाचा आणि दुसरा सिकलचा वाहक असला तरी धोका आहेच. 'आजार वेगळे, म्हणून चिंता नाही' हा गैरसमज समुपदेशकालाही विचारून घे.

एवढी घाई कशासाठी, तर घड्याळासाठी. गर्भाची तपासणी, म्हणजे वारेचा तुकडा घेऊन डीएनए बघणं, ११ ते १३ आठवड्यांत होते. त्याआधी आईबापांचं म्युटेशन, म्हणजे जीनमधला नेमका बिघाड, माहीत असावं लागतं. आपल्याकडे थॅलसेमियाची पाचच म्युटेशन बहुतांश रुग्णांत सापडतात आणि सिंधी समाजात डीएनएची ६१९ अक्षरं गळालेला प्रकार बराच दिसतो, तरी या कामात दिवस जातात. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची एनआयआयएच ही संस्था हे करते. बाई चौथ्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात आली, मग तिचा रिपोर्ट, मग नवऱ्याला बोलावणं, असं झालं की ती वेळ निघून जाते. उशीर झालेला असेल तर नवरा-बायकोचं रक्त एकाच दिवशी घ्यावं.

मुलं नक्की विचारतील की जीन एडिटिंग आलंय, मग हे सगळं कशाला? त्यांना खरं ते सांग. कॅसजेव्ही या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच डिसेंबरात सिकलसेलसाठी मान्यता दिली. रुग्णाच्या स्टेमसेलमध्ये बीसीएल-११-ए या जीनची तांबड्या पेशींतली कळ क्रिस्पर या जीन कापण्याच्या तंत्राने बंद करतात, मग जन्माआधीचं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. विज्ञान म्हणून ते थक्क करणारं आहे. पण अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे आणि आधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या सीएसआयआर-आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेचं 'बिरसा १०१' जाहीर झालं, स्वस्तातला देशी क्रिस्पर उपचार हे त्यामागचं उद्दिष्ट. माझी त्यावर मोठी आशा आहे. तोवर थॅलसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त आणि रोज साठलेलं लोह उतरवणारं औषध लागतं.

घरी लाळ पाठवून करायच्या डीएनए किटबद्दलही विचारतील. त्यात ठरावीक जागाच वाचतात, ६१९ सारखी गळती सुटू शकते. एचपीएलसीला तो पर्याय नाही.

शुक्रवारपर्यंत नक्की संख्या आणि अठरा वर्षांखालची मुलं किती ते कळव, म्हणजे ट्यूब आणि संमतीपत्रं मोजून पाठवतो. सुया टाकायला पांढरा पंक्चर-प्रूफ डबा आणि कापसासाठी पिवळी पिशवी तुमच्याकडे नसेल तर तेही सांग. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद