ओलोतची जुनी लाईन

बार्सिलोना

ती. नाना आणि आईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "लेकराला घेऊन डोंगरात कसल्या सायकली चालवता, गाड्या अंगावर येतात की!" तेवढ्यात फोन कट झाला आणि सांगायचं राहून गेलं. म्हणून आता सविस्तर लिहिते. आई, त्या वाटेवर जवळजवळ गाड्याच नसतात. आणि नाना, ती वाट म्हणजे बंद पडलेली एक नॅरोगेज लाईन आहे, तेव्हा पत्रातला मोठा भाग तुमच्यासाठी.

बार्सिलोनाच्या उत्तरेला जिरोना नावाचं जुनं शहर आहे. तिथून पिरेनीजच्या पायथ्याच्या डोंगरात ओलोत या गावापर्यंत पूर्वी छोटी गाडी जायची. लाईन सुमारे ५४ किलोमीटरची, गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, ७५० मिलिमीटर. आपल्या कुर्डुवाडीच्या जुन्या छोट्या गाडीचं, बार्शी लाईटचं, ७६२. म्हणजे फरक अवघ्या बारा मिलिमीटरचा! सुरुवातीचं भांडवलही बार्शी लाईट बांधणाऱ्या तुमच्या कॅलथ्रॉपसाहेबाच्या कंपनीसारखंच इंग्रजांचं. १८९५ मध्ये पहिला तुकडा सुरू झाला, मग एकेक गाव घेत घेत ती १९११ साली ओलोतला पोचली. आपली गाडी लातूरला पोचली तेही १९११. हे वाचलं तेव्हा मला तुमचीच आठवण आली. आजोबा वर्कशॉपमध्ये होते त्या काळात इथेही कोणी तरी तसल्याच लहानग्या इंजिनाला तेल घालत असेल.

इथले लोक त्या गाडीबद्दल म्हणायचे, मनात येईल तेव्हा सुटते आणि जमेल तेव्हा पोचते. बार्शी लाईटबद्दल तुम्ही जे किस्से सांगता तेच सगळे. पुढे रस्त्यावरची वाहतूक वाढली, तोटा वाढत गेला आणि १९६९ मध्ये गाडी बंद झाली. रूळ उचलले, पण भराव, कटिंग, मोऱ्या, पूल आणि बरीचशी स्टेशनं राहिली. त्या पट्ट्यावर बारीक मुरूम दाबून बसवला आणि तो सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना मोकळा करून दिला. स्पेनमध्ये १९९३ पासून जुन्या लोहमार्गांचं असं रूपांतर पद्धतशीरपणे चाललंय. देशभरात मिळून असे मार्ग आता ३,००० किलोमीटरच्या वर गेलेत.

आम्ही सुरुवात समुद्राकाठच्या सांत फेलिउ दे गिशोल्सहून केली. तिथून जिरोनापर्यंतही अशीच एक छोटी लाईन होती, १८९२ ची, जवळजवळ ४० किलोमीटर. दोन्ही जोडल्या की समुद्रापासून डोंगरापर्यंत सलग वाट होते. या पहिल्या टप्प्यात बुचाची झाडं लागतात. बाटलीचं बूच ज्याच्या सालीपासून करतात, तो ओक. साल काढलेलं खोड खालून तांबडं लाल दिसतं, आणि वर जिथे साल शाबूत असते तिथे करडं नि खडबडीत. अर्णव प्रत्येक झाडाला हात लावून बघत होता. इथल्या गावांचा बुचाचा धंदा मोठा, आणि तो माल ही गाडी बंदरावर न्यायची.

जिरोना शहरात मात्र साध्या रस्त्यांवरून जावं लागतं. तेवढा भाग आम्ही हळू, एकामागे एक काढला. पुढे काही ठिकाणी वाट शेताच्या रस्त्याला मिळते, तिथे एखादा ट्रॅक्टर भेटतो. मोठा रस्ता आडवा आला की दोन्ही बाजूंना लाकडी खांब रोवलेले असतात. त्यांच्यामधून सायकल जाते, मोटार जात नाही. सायकलवाल्याने तिथे उतरून दोन्हीकडे बघायचं. अर्णवला पहिल्या दोन खांबांशी शिकवलं, पुढे तो स्वतःच थांबायला लागला.

नाना, रेल्वेच्या चढाचं महत्त्व मला तिथे पायांनी कळलं. डांबरी घाटरस्त्यावर वळण आलं की चढ एकदम अंगावर येतो. इंजिनाला तसला चढ झेपत नाही, म्हणून लाईन टाकणाऱ्याने डोंगराशी जमवून घेत नदीचा काठ धरलेला असतो. जिरोना समुद्रसपाटीपासून ७० मीटरवर, आणि वाटेतली सर्वांत उंच जागा, कोल देन बास ही खिंड, ६०० मीटरच्या थोडी वर. एवढी उंची आम्ही सामानाच्या पिशव्या लादून, आठ वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन चढलो. आधी तेर नदीचं रुंद खोरं. त्यात बोनमाती हे कापडगिरणीभोवती वसलेलं गाव. मग आंगलेस, अमेर. अमेरनंतर खोरं अरुंद होतं आणि ब्रुजेंत नावाची लहान नदी सोबतीला येते. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी पुलाखाली. इथे सावली दाट आहे, पाण्याचा आवाज सतत येतो. खरा चढ सांत फेलिउ दे पालेरोल्सच्या पुढे खिंडीपर्यंतच. तिथे मात्र अर्णवचा दम निघाला. समीर त्याच्याबरोबर चालत राहिला आणि मी पुढे जाऊन पाण्याचा नळ शोधला.

आई, आता तुझ्या काळजीचं. अमेर आणि लेस प्लानेसच्या मध्ये अर्णव आमच्या पुढे निघून गेला आणि वळणापलीकडे दिसेनासा झाला. मी हाक मारली नाही. कुर्डुवाडीत मी शाळेत सायकलने जायची तेव्हा बार्शी रोडवर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत यायचे आणि तू दारात उभी राहायचीस. कॉलेजला गेल्यावर तू सायकल बंदच करायला लावलीस. तुझं बरोबरच होतं. त्या रस्त्यावर कोणतीही आई तेच करील. पण इथे माझ्या लक्षात आलं की मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना सायकलपासून लांब ठेवते ती भीती. दमणं ही फार किरकोळ गोष्ट आहे. ती भीती काढून टाकली की कोण कोण बाहेर पडतं बघ. वाटेत सत्तरीतल्या बायका भेटल्या, बाबागाडी ढकलणारं जोडपं भेटलं, व्हीलचेअरवरचा एक तरुण त्याच्या कुत्र्याला घेऊन निघाला होता. यांतलं कोणीही मोटारींच्या रस्त्यावर आलं नसतं.

इथे चालणाऱ्याचा मान पहिला. मागून येणाऱ्याने लांबूनच घंटी वाजवायची आणि वेग कमी करायचा. बहुतेक लोक तसं करतात. शर्यतीच्या सायकलवाले जोरात जातात, पण त्यांना मुळात डांबरी घाटच आवडतात, त्यामुळे ते इकडे कमीच येतात.

स्टेशनांचं सांगायचं राहिलं. काही इमारतींत आता खानावळी आहेत, काहींत माहिती केंद्रं. आम्ही जिथे जेवलो तिथे फलाटाची कड अजून तशीच आहे, दगड झिजलेले. भाजलेला पाव, लसणाची एक पाकळी आणि अर्धा चिरलेला टोमॅटो ताटलीत आणून ठेवला. टोमॅटो पावावर आपणच घासायचा, इतका की हातात नुसती साल उरते. वरून ऑलिव्हचं तेल आणि मीठ. आई, त्यावर आपली लसणाची चटणी काय लागेल! माझ्या पिशवीत डबी होती, पण तोवर अर्णवने संपवली होती. ओलोतजवळच्या सांता पाउ गावचा पांढरा, बारीक घेवडाही खाल्ला. ज्वालामुखीच्या मातीत होतो म्हणून त्याचं इथे फार कौतुक. शिजल्यावर लोण्यासारखा मऊ होतो, तरी दाणा फुटत नाही.

हो, ज्वालामुखी! या गारोचा भागात चाळीसेक लहान ज्वालामुखी आहेत, आता सगळे थंड. घरांच्या भिंती, शेताचे बांध, सगळा काळा दगड. मी समीरला म्हटलं, हा तर आपलाच दगड. आपलं दख्खनचं पठार सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं, आणि इथला क्रोस्कात हा डोंगर उसळला तो सुमारे १३ ते १५ हजार वर्षांपूर्वी. त्याच्या लाव्ह्यावर बीच झाडांचं फाजेदा देन जोर्दा हे जंगल उभं आहे. तिथे सायकली बाहेर ठेवून आम्ही चाललो. जमीन उंचसखल, लाव्ह्याचे उंचवटे शेवाळाने झाकलेले. अर्णवने खाली पडलेला एक खडा उचलून माझ्या हातावर ठेवला. सगळा भोकाभोकांचा, वजनाला इतका हलका की खोटा वाटावा. त्याने तो नानांसाठी मागितला, पण संरक्षित जंगलातलं काही न्यायचं नसतं, म्हणून होता तिथेच ठेवायला लावला. क्रोस्कातची एक बाजू पूर्वी खडी काढण्यासाठी पोखरली होती. लोकांनी विरोध करून ते थांबवलं. आता त्या कापात राखेचे तांबडे-काळे थर उघडे दिसतात.

परतीला ओलोतहून आधी खिंडीपर्यंत चढ, आणि तिथून पुढे बहुतेक उतारच. खिंड ओलांडली की पेडल मारायचंही फारसं काम नव्हतं.

आता नाना, एक काम सांगते. हे सगळं बघून आपल्याकडच्या लाईनींचा विचार डोक्यातून जात नाही. जिथे लोकांना अजून गाडी हवी आहे, मूर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतलेसारखी, तिथे सायकलसाठी रूळ उचला असं मी कधीच म्हणणार नाही. गरिबाला गाडीच पाहिजे, आणि तिथे तीच मिळायला हवी. पण आपली लाईन ब्रॉडगेज करून २००८ मध्ये धाराशिव शहरातून नेली, तेव्हा येडशीच्या पुढचा जुना मार्ग बाजूला पडला. त्या मार्गावर तुम्ही ड्यूटी केली आहे. जुने भराव आणि मोऱ्या कुठे शाबूत आहेत, कुठे शेतात गेल्या, कुठे घरं झाली, हे तुमच्याइतकं कोण सांगणार? इथे हे जमलं कारण तो चिंचोळा पट्टा तुकड्या-तुकड्याने विकला जाण्याआधी कोणी तरी धरून ठेवला. आपल्याकडेही आधी नुसती नोंद तरी झाली पाहिजे. देशमुखकाकांना घेऊन, थंडी पडल्यावर, जीपने एकदा येडशीपासून जाऊन या. वहीत लिहा, जमेल तिथे दादाच्या मोबाईलवर फोटो काढा. आम्ही जानेवारीत येतोय, तेव्हा मी तो मार्ग नकाशावर काढीन आणि मग कोणाला भेटायचं ते ठरवू.

आई, तुझ्या गुडघ्याला आता कसं आहे? तेल संपलं असेल तर वहिनीला सांग, अंगावर काढू नकोस. अर्णव आजीला पापा पाठवतोय आणि विचारतोय की कुर्डुवाडीत त्याच्या मापाची सायकल भाड्याने मिळेल का.

दादा-वहिनींना नमस्कार, चिनूला अनेक आशीर्वाद.

तुमची,
मीरा