‘मला नीट समजलं नाही’ म्हणणाऱ्या मॅडमना

माननीय मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, आणि ज्यांना ओळखायचं ते तसेही ओळखतील. जहाज कंपनीबरोबरच्या ज्या कॉलवर तुम्ही ‘मला नीट समजलं नाही’ म्हणालात, त्याला आता बराच काळ लोटला. आभार मानायचे राहिले ते राहिलेच. समोरासमोर बोलायला गेलो की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र.

मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात आडवं अडकलं. ४०० मीटर लांबीचं जहाज, सहा दिवस कालव्याची वाट बंद. ते सुटलं तेव्हा जगाने सुस्कारा सोडला. जहाजाने माल पाठवायचं काम करणाऱ्या आमची रड मात्र तिथून पुढे सुरू झाली. अडकून पडलेली जहाजं बंदरांवर एकदम येऊन थडकली, वेळापत्रकं विस्कटली आणि शिपिंग लाइनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या, माणसांचे मेल अशा इंग्रजीत यायला लागले की शब्दन् शब्द ओळखीचा, पण वाक्याचा पत्ता नाही.

तो कॉल त्याच दिवसांतला. लाइनचा माणूस भरभर बोलत होता. ‘युवर बॉक्सेस हॅव बीन रोल्ड. नेक्स्ट वन इज ब्लँक. द वन आफ्टर, वेल, टच अँड गो.’ आमच्या बाजूने एकामागून एक ‘ओके’, ‘नोटेड’, ‘शुअर’ असे आवाज आले. क्लायंटला संध्याकाळपर्यंत लेखी कळवायचं काम माझ्याकडे होतं आणि कळवायचं काय, हे मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात तुम्ही माइक चालू केलात आणि म्हणालात, ‘माफ करा, मला नीट समजलं नाही. साध्या शब्दांत सांगाल का?’

तुम्ही! ज्यांनी अख्खं करिअर बुकिंग आणि जहाजांत घालवलं, त्या तुम्हाला ‘रोल्ड’ कळलं नव्हतं यावर त्या कॉलवरच्या कुणाचाही विश्वास बसण्यासारखा नव्हता. पण लाइनचा माणूस थांबला. मग सावकाश सांगू लागला: तुमचे कंटेनर या जहाजावर चढले नाहीत, पुढच्यावर ढकललेत. पुढच्या आठवड्याची फेरी लाइनने रद्द केली आहे. त्यानंतरच्या जहाजावर जागा मिळेलच असं नाही. लगेच आमच्याकडचे आणखी तिघे बोलते झाले. त्यांचेही प्रश्न इतका वेळ घशातच अडकले होते.

नंतर मी तुम्हाला विचारलं, ‘तुम्हाला तर माहीत होतं ना?’ तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘मला होतं. पण तुम्ही क्लायंटला काय लिहिणार होतात?’

बस्स, एवढंच. माझ्याकडे बोट न दाखवता, माझं नाव न घेता माझा प्रश्न तुम्ही स्वतःच्या नावावर घेतलात. नंतर कधी कुणाला सांगितलंही नाहीत. ते मात्र मी आज सांगतोय.

याआधी काय होत होतं तेही लिहितो, म्हणजे तुमच्या एका वाक्याची किंमत वाचणाऱ्याला कळेल. एका वरिष्ठांना मी ‘क्लीन बिल ऑफ लेडिंग’ (बिल ऑफ लेडिंग ही माल घेतल्याची जहाज कंपनीची पावती) म्हणजे नक्की काय हे विचारलं होतं. उत्तर मिळालं, ‘इतकंही येत नाही आणि या टेबलावर बसलात?’ त्यानंतर त्या टेबलावरून कुणी कधी काही विचारलं नाही, आणि साहेबांना वाटलं आता सगळ्यांना सगळं येतं. मग कंपनीने बिझनेस इंग्लिशचा कोर्स लावला. पुस्तिका छान गुळगुळीत होती. त्यातल्या इंग्रजी वाक्प्रचारांत मांजरं-कुत्री पावसासारखी पडत होती आणि कुणीतरी सारखी बादलीला लाथ मारत होतं. यातलं एकही वाक्य आजवर कुठल्या फॉरवर्डरच्या, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था लावणाऱ्याच्या, तोंडून ऐकलेलं नाही. मिल्क रन (एकाच फेरीत अनेक ठिकाणचा माल उचलणं), डेडहेड (रिकामी फेरी), रोल्ड असल्या शब्दांचा त्यात मागमूस नव्हता. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, तेही रंगीत.

तुम्ही पुस्तिका दिली नाहीत. अर्थही पाठ करायला लावले नाहीत. एखादा वाक्प्रचार अडला की तुमचा एकच उलटा प्रश्न असायचा: ‘हे ऐकल्यावर आता कुणाला काय करावं लागेल?’

हा प्रश्न मला अजून पुरतोय. ‘रोल्ड’ ऐकलं की क्लायंटला नवी तारीख कळवायची, आणि व्यवहार लेटर ऑफ क्रेडिटवर (कागद बरोबर असले तर पैसे देण्याची बँकेची हमी) असेल तर त्यातली माल चढवण्याची शेवटची तारीख उलटत नाही ना ते बघायचं. उलटत असेल तर दुरुस्तीसाठी आजच धावपळ. ‘पेन्सिल्ड इन’ म्हणजे जागा मिळालेली नाही, कुणीतरी फक्त लक्षात ठेवली आहे. तेव्हा ट्रक बोलवायचा नाही. ‘क्लीन’ बिलाचा कागदाच्या स्वच्छतेशी संबंध नसतो. माल किंवा पॅकिंग खराब असल्याचा शेरा त्यावर नसला की ते क्लीन, आणि लेटर ऑफ क्रेडिटच्या व्यवहारात बँक असंच बिल घेते. ‘गोण्या फाटलेल्या’ असा एक शेरा पडला की पैसे अडकले. त्या वरिष्ठांना हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला म्हणजे तुमचा ‘बुलव्हिप’, म्हणजे लांब चाबूक. फॅक्टरीचे मागणीचे आकडे वेड्यासारखे वरखाली होत होते आणि मीटिंगमध्ये सगळे ‘बुलव्हिप, बुलव्हिप’ म्हणून माना डोलावत होते. तुम्ही मला बाहेर नेऊन बाळांच्या डायपरची गोष्ट सांगितलीत. बाळं काही ठरवून एका महिन्यात जास्त आणि दुसऱ्या महिन्यात कमी डायपर वापरत नाहीत. वापर जवळपास एकसारखा. तरीही डायपर बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने पाहिलं तेव्हा दुकानातली विक्री थोडीशीच हलत होती, वितरकांच्या ऑर्डर त्याहून जास्त आणि कंपनीच्या स्वतःच्या कच्च्या मालाच्या ऑर्डर तर आणखीच. मनगट जरासं हललं की चाबकाचं टोक केवढं उसळतं, तसं. एमआयटीच्या जे फॉरेस्टरांनी १९६१ मध्येच ही चाल मांडून ठेवली होती, नाव नंतर पडलं. आणि मग तुमचा तोच प्रश्न. यावर कुणाला काय करावं लागेल? आम्हाला वितरकाची ऑर्डर बघत बसायचं सोडून दुकानातल्या विक्रीचे आकडे मागवावे लागले. माना डोलावणाऱ्यांपैकी कुणी ते मागवले नव्हते.

डिमरेज, डिटेन्शन (कंटेनर मुदतीपेक्षा जास्त दिवस अडवून ठेवल्याचे दंड) वगैरे तर कुठल्याही माहितीपत्रकात सापडतं, ते इथे उगाळत नाही.

मला वाटतं, या धंद्यात लोक भाषेमुळे कमी आणि भीतीमुळे जास्त अडकतात. कंटेनर एका देशातला, जहाज दुसऱ्या, एजंट तिसऱ्या. फोनच्या दोन्ही टोकांना इंग्रजी परकीच, आणि तरी दोघंही आपल्याला सगळं कळल्याचं नाटक करतात. या नाटकाचं बिल शेवटी दंडाच्या दिवसांच्या रूपाने येतं. हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली. कामात वाघ असणारीही पाहिली. पण चारचौघांत स्वतःला थोडं कमी दाखवून दुसऱ्याची लाज झाकणारी माणसं फार कमी भेटतात, आणि जिथे असं एक जरी माणूस बसतं तिथे बाकीच्यांच्या वागण्यातही फरक पडतो. आमच्या टीममध्ये पडला. हल्ली ‘नोटेड’ लिहिण्याआधी कुणी ना कुणी विचारतंच.

आता ताजी खबर. आमच्यातल्या एकाने परवा दोन क्लायंटना एकाच मेलमध्ये ‘लेट्स टेबल धिस’ असं ऐटीत लिहून पाठवलं. ब्रिटिश क्लायंटने अर्थ घेतला की विषय आत्ता चर्चेला घ्यायचा. त्यांनी तासाभरात सगळे आकडे पाठवले. अमेरिकन क्लायंटने अर्थ घेतला की तूर्तास बाजूला ठेवायचा. ते निवांत आहेत. आपापल्या इंग्रजीत दोघंही बरोबर. कुणाला काय करावं लागेल, हे मी दोघांना साध्या शब्दांत लिहायला घेतलंय. मसुदा संध्याकाळी तुमच्याकडे पाठवतो, पाठवण्याआधी एकदा नजर टाका.

मनापासून आभार, मॅडम.

तुमचा ऋणी,
डॉक्युमेंटेशनच्या टेबलावरचा एक जण