कीड औषधाला ‘सरावत’ नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिरोळ तालुक्यातील माझ्या भाच्याच्या कोबीची पाने गेल्या हिवाळ्यात चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्यांनी चाळणीसारखी केली. जे औषध तो तीन-चार हंगाम फवारत होता, ते यंदा लागूच पडेना. ‘कीड औषधाला सरावली, मात्रा वाढवा,’ असा सल्ला त्याला दुकानातून मिळाला. हे वाक्य जिल्ह्यात सर्रास ऐकू येते आणि शेतीविषयक लेखांतही छापून येते. ते चुकीचे आहे, आणि त्या चुकीची किंमत शेतकरी मोजतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

तालमीत घाम गाळून कमावलेले अंग पैलवानाच्या मुलाला जन्मतः मिळत नाही. त्याला स्वतः जोर-बैठका माराव्याच लागतात. तसेच, एखादी अळी औषध सोसून कणखर झाली असे मानले, तरी तो कणखरपणा तिच्या पुढच्या पिढीत उतरत नाही. हजारो अळ्यांमध्ये, जनुकांत योगायोगाने झालेल्या बदलांमुळे औषध पचवू शकणाऱ्या थोड्या अळ्या फवारणीच्या आधीपासूनच असतात. फवारणी बाकीच्यांना मारते, या थोड्या तेवढ्या वाचतात, यांचीच अंडी पडतात आणि पिढीगणिक यांचे प्रमाण वाढत जाते. डार्विनने 1859 मध्ये मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच.

‘आधीपासूनच’ या शब्दाला भक्कम पुरावा आहे. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने 1952 मध्ये बशीत वाढवलेल्या जीवाणूंचा ठसा मखमलीच्या कापडावर घेऊन तो औषध घातलेल्या बशांवर उमटवला. प्रत्येक बशीत त्याच जागचे जीवाणू तगले. आणि मूळ बशीतील, औषधाचा थेंबही न लागलेले, त्या जागचे जीवाणूही औषधाला दाद देत नव्हते.

तेच औषध वाढीव मात्रेत मारले की उरतात त्या अधिकच चिवट अळ्या, शिवाय त्यांना खाणारे मित्रकीटक नाहक मरतात. याच पतंगावर डीडीटी चालेनासे झाल्याची नोंद जावा बेटावर 1953 मध्येच झाली होती. औषध बदलायचे तर डबीवरचे नाव नव्हे, आतला घटक आणि त्याची मारण्याची पद्धत बदलायला हवी. दोन कंपन्यांच्या डब्यांत घटक एकच असू शकतो.

आपल्या दैनिकाच्या शेतीच्या पानावर औषधाच्या नावाशेजारी त्यातील घटक आणि त्याच्या मारण्याच्या पद्धतीचा गट छापावा, आणि ‘सरावली’ऐवजी ‘चिवट कीड निवडली गेली’ असे लिहावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक,
कोल्हापूर