मंगीला फोन कर

प्रिय वैशे,

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतेय, राहूनच जातंय. इकडे सगळे बरे, आईचे गुडघे तेवढे दुखतात. नवीन घर लागलं का? पिल्लूची ॲडमिशन झाली? ते सावकाश सांग, आज मला मंगीचं बोलायचंय.

तिला परत दिवस गेलेत. तिसरी वेळ. आणि ती आता पंचायतीत मेंबर आहे ना, म्हणजे तिसरं मूल झालं की पद गेलं, 2001 च्या सप्टेंबरपासून कायदाच तसा आहे. दोन पोरींवर सासूला नातू हवाय, नवऱ्याचा डोळा पुढच्या सरपंचपदावर, त्यामुळे तो म्हणतो पाडून टाक, सासू म्हणते आधी चेक करू. चेक! गुन्हा आहे तो, आणि ही बाई भाजी निवडल्यासारखी बोलते. दिरानं वेगळंच काढलंय, माहेरी बाळंत हो, जन्मदाखल्यावर भाऊ-भावजयीचं नाव लावू. मंगी मला म्हणाली, "पोटात मी वाढवायचं आणि कागदावर मी त्याची आत्या?" मला पुढे बोलताच येईना गं.

आणि पद काही नावापुरतं नाहीये तिचं. वरच्या वस्तीचं नळाचं काम तिनं ग्रामसभेत माईक ओढून घेऊन मंजूर करून घेतलंय, आपली मंगी, जी वर्गात हजेरी पण हळू द्यायची!

सेकंड इयरचा कुटुंबनियोजनावरचा वादविवाद आठवतो? तू "सक्ती हवीच" म्हणून कप मारलास आणि मी आठवडाभर अबोला धरला. 1976 ला आपल्याच विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं बिल पास केलं, राष्ट्रपतींची मंजुरी नाही मिळाली म्हणून बारगळलं, हे मी सांगितलं तर तू माईकवर म्हणालीस, "अरेरे, बिचारं बिल!" अख्खा हॉल हसला. कप माझाच होता, आजही सांगते.

तू म्हणायचीस सक्तीशिवाय पोरं थांबणार नाहीत. अगं केरळात असला नियम नव्हताच तरी थांबली ना, मुली शिकल्या, लग्नं उशिरा झाली. आपल्याकडेही आता बाईमागे सरासरी 1.7 मुलांवर आलंय. आंध्रनं तर 2024 मध्ये ही अट काढूनच टाकली. आणि आमदार-खासदारांना ती लागूच नाही! तीन पोरांचा आमदार चालतो, मंगी नाही चालत. घरात जिचं कोणी ऐकत नाही तिलाच दंड, आणि जिनं नातवाचा हट्ट धरलाय तिचं काहीच जात नाही, याचा मला इतका संताप येतो की रात्री झोप लागत नाही.

मी तिला विचारलं, तुला स्वतःला काय हवंय? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, मला दोन्ही हवंय, बाळ पण आणि माझी टर्म पण.

तू वकील आहेस, तुझं ती ऐकेल. दाखल्यात खोटं नाव लावलं तर काय होतं आणि जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं तर तिनं काय करायचं, हे तिला नीट सांग. दुपारी दोननंतर कर, तेव्हा सासू झोपलेली असते. नवऱ्याच्या नंबरवर करू नको, तिचा नवीन नंबर व्हॉट्सॲप करते.

तुझीच,
शुभा