मागच्या बागेचं कोटेशन मंजूर करण्यापूर्वी

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहरचना संस्था, पुणे

विषय: बी विंगमागील बागेचे नूतनीकरण आणि उंबराचे झाड

सप्रेम नमस्कार,

नोटीस बोर्डावर लावलेलं बागेचं कोटेशन वाचलं. बी विंगच्या मागच्या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक, मधे कार्पेट लॉन, कंपाउंडलगत कोनोकार्पस या झटपट वाढणाऱ्या झाडांची रांग, दर महिन्याला फवारणी, आणि गाड्यांवर फळं पडतात म्हणून उंबर काढायचा, असा बेत दिसतो. हे कोटेशन मंजूर करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती जागा नीटनेटकी करायला माझी अजिबात हरकत नाही. पण या आराखड्यात बागेतल्या जिवांना जागाच उरत नाही, आणि ते टाळणं आपल्या हातात आहे.

आधी उंबराबद्दल. उंबराचं फळ म्हणजे आत मिटलेला फुलांचा गुच्छ. त्या फुलांचं परागीभवन करणारा कीटक जेमतेम दोनेक मिलिमीटरचा असतो. तो फळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकातून आत शिरतो आणि तिथेच अंडी घालतो. माणसाला तो चावत नाही. एका परिसरातल्या उंबरांना एकाच वेळी फळं येत नाहीत. आज हे झाड, पुढे ते, असं चालू असतं. म्हणून या कीटकाच्या पिढ्या टिकतात आणि पक्ष्यांनाही एरवी काही नसतं तेव्हा खायला मिळतं. आपल्या झाडावर दिवसा तांबट, कोकीळ, बुलबुल येतात, रात्री वटवाघळं येतात. मागच्या उन्हाळ्यात हरियालांचा थवा उतरला होता. हरियाल हा आपला राज्यपक्षी. पिवळे पाय, हिरवट-पिवळं अंग, पानांत बसला की दिसतच नाही. खाली फळं टपटप पडायला लागली की मग मान वर करून शोधायचा. असं झाड एकदा गेलं की त्याच्या जागी शोभेचे दहा पाम लावूनही हे पाहुणे येणार नाहीत.

शिवाय झाड काढणं हा फक्त आपल्या ठरावाचा विषय नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. फांद्या छाटायच्या तरी अर्ज करावा लागतो. गाड्यांची अडचण मात्र खरी आहे, ती मी नाकारत नाही. उंबराखालचे स्लॉट पाहुण्यांच्या गाड्यांसाठी ठेवून तिथल्या सभासदांना पुढे जागा देता येईल. हंगामात दिवसातून दोनदा फळं झाडून कंपोस्ट पिटमध्ये टाकली तर घसरायची भीतीही राहणार नाही. आणि वाळक्या फांद्या सरसकट तोडू नयेत. तांबट वठलेल्या फांदीतच ढोली कोरतो. जिथे खाली वावर आहे तिथली धोकादायक फांदी तेवढी काढावी.

आता फवारणी. ए विंगच्या कोपऱ्यातला कढीपत्ता आपण सगळेच तोडून नेतो. त्याच्या पानावर कधीकधी चिमणीची शीट पडल्यासारखं तपकिरी-पांढरं काहीतरी दिसतं. ती लिंबाळी किंवा मॉरमॉन फुलपाखराची अळी असते, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिने घेतलेलं ते सोंग. मोठी झाली की ती हिरवीगार होते. बोटाने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. सोसायटीतल्या मुलांना हे एकदा दाखवून बघा. ती तिथून हलणार नाहीत. पण माळीकाकांना 'कीड दिसली की फवारा' असं सांगितलेलं असल्यामुळे या अळ्या फुलपाखरू होण्याआधीच मरतात. आणि तीच फवारलेली पानं आपल्या फोडणीत पडतात, याचाही समितीने विचार करावा.

फुलपाखरं मध प्यायला बऱ्याच फुलांवर येतात, पण अंडी घालायला त्यांना ठरावीकच झाडं लागतात. लिंबाच्या कुळातली झाडं असतील तर लिंबाळी आणि मॉरमॉन. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉनसुद्धा याच कुळावर वाढतं. 2015 मध्ये राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. रुई असेल तर काळ्या-पांढऱ्या टोकांचं केशरी प्लेन टायगर येतं. म्हणून केवळ रंगीत फुलांचे वाफे करून भागत नाही. पानं कुरतडली जाणार, हे धरूनच लागवड करायला हवी. थोडी भोकं पडलेली पानं म्हणजे माळ्याचं दुर्लक्ष, हा समज आपण सोडला तर निम्मं काम होईल.

कोनोकार्पसला माझा ठाम विरोध आहे. झटपट वाढतं, हिरवं दिसतं, म्हणून सगळीकडे लावलं गेलं. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांमुळे होणारे श्वासाचे त्रास आणि ड्रेनेज, केबलमध्ये शिरणारी मुळं, ही कारणं त्यामागे होती. आपली ड्रेनेज लाइन नेमकी त्याच भिंतीलगत जाते. त्याऐवजी तिथे करवंद, अडुळसा, निरगुडी आणि मधेमधे धायटी लावावी. करवंदाची काटेरी जाळी कुंपणालाही उपयोगी, आणि उन्हाळ्यात फळं मिळतील ती वेगळीच. धायटी थंडी सरता सरता लाल फुलांनी भरते, तेव्हा फुलांतला मध पिणारे छोटे शिंजीर पक्षी तिच्यावरून हलत नाहीत. ही सगळी आपल्या डोंगरउतारावरची झुडपं आहेत. पहिले एक-दोन उन्हाळे पाणी घातलं की पुढे फारसं मागत नाहीत. टँकर मागवावे लागतात त्या दिवसांत कार्पेट लॉनवर रोज पाइप धरणं मला तरी पटत नाही. जास्वंद, पारिजातक, तगर आहेत तिथेच राहू द्यावीत. शोभेची सगळी झाडं उपटा, असं माझं म्हणणं नाही.

सभेत डासांचा प्रश्न येणारच, म्हणून तो आताच मांडते. डास झुडपांतून जन्माला येत नाहीत, साचलेल्या पाण्यातून येतात. डेंग्यूचा डास तर स्वच्छ पाण्यात वाढतो: कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे टायर, झाकण नसलेली टाकी. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी बरेच दिवस तग धरतात, म्हणून नुसतं पाणी ओतून चालत नाही, भांडं घासावं लागतं. धुराची फवारणी फक्त उडणारे डास मारते, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. उलट मधमाश्या आणि डास खाणारे चतुर कीटक मात्र मरतात. आठवड्यातून एक दिवस सगळ्या विंगमध्ये कोरडा दिवस पाळला, म्हणजे साचलेलं पाणी ओतून भांडी घासून कोरडी ठेवली, तर धुरापेक्षा जास्त उपयोग होईल. पक्ष्यांसाठी उथळ पाण्याचं भांडं ठेवलं तर ते रोज घासून भरायची जबाबदारी माझी.

सापांची भीतीही रास्त आहे, विशेषतः लहान मुलांच्या आईवडिलांची. साप येतो तो उंदरांच्या मागे, आणि उंदीर येतात ते कचऱ्याच्या खोलीतल्या उघड्या डब्यांमुळे. डबे बंद ठेवावेत, पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत आखूड ठेवावं, आणि पालापाचोळा वाटेपासून लांब जाळीच्या पिटमध्ये जिरवावा. मागच्या भिंतीपाशी एक छोटा तुकडा गवताला बी धरेपर्यंत वाढू द्यावा, बी खाणाऱ्या मुनिया पक्ष्यांसाठी.

समितीकडे मागणं एवढंच की पेव्हर फक्त पायवाटेपुरते ठेवून देशी लागवडीचं दुसरं कोटेशन मागवावं आणि दोन्ही कोटेशनं पुढच्या सर्वसाधारण सभेत शेजारी शेजारी ठेवावीत. लागवड मृगाच्या पावसात व्हायला हवी, त्यामुळे निर्णय मेअखेर झाला तर बरं. रोपं कोणती आणि कुठून आणायची, खड्डे कुठे घ्यायचे, याची यादी मी करून देते. ज्येष्ठ सभासदांपैकी काही जण पाणी घालायला तयार आहेत. तोपर्यंत उंबराला हात लावू नये आणि कढीपत्त्यावरची फवारणी थांबवावी, असं माळीकाकांना आजच कळवावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
बी विंग, तळमजल्यावरील एक सभासद