शिकागोत महापौर पडतो कसा

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. ‘तिजोरी हातात, पोलीस हातात, रस्त्यांची कामं हातात, तरी शिकागोच्या महापौर लाइटफूटबाई पहिल्याच फेरीत कशा गारद झाल्या?’ प्रश्न चांगला आहे, पण तो विचारताना तुझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडचा महापौर आहे. त्याला जरा बाजूला बसव. मुंबईत महापौर नगरसेवक निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी, आणि फाइलवर खरी सही चालते आयुक्तांची. शिकागोत महापौर थेट लोक निवडतात, चार वर्षांसाठी. पोलीसप्रमुख तोच नेमतो, अंदाजपत्रक तोच मांडतो, बस आणि लोकल चालवणाऱ्या मंडळावरही त्याची माणसं. २०२४ पर्यंत तर शाळांचं अख्खं मंडळही तोच नेमायचा. आपले महापौर आणि आयुक्त एकाच खुर्चीत कोंबले तर जे होईल ते. त्यामुळे बस वीस मिनिटं उशिरा आली तरी शिवी कुणाला घालायची याचा तिथे कुणाला विचार करावा लागत नाही. नगरसेवकांचं माप मात्र थेट आपलंच: २७ लाख वस्तीला ५० वॉर्ड, म्हणजे एकामागे ५४ हजार माणसं. मुंबईची २०११ ची लोकसंख्या २२७ ने भागून बघ, जवळपास तोच आकडा येईल.

आता मूळ हिशेब. लोरी लाइटफूट २०१९ मध्ये पहिल्या फेरीत १७.५ टक्के मतं घेऊन पहिल्या आल्या. रिंगणात १४ जण, त्यांची मतं सुमारे ९७ हजार. २०२३ मध्ये त्याच फेरीत १६.८ टक्के, मतं सुमारे ९५ हजार, आणि नंबर तिसरा. चार वर्षांत दोन-तीन हजार मतं काय ती घटली. पहिल्या सतरा टक्क्यांनी त्यांना महापौर केलं, दुसऱ्या सतरा टक्क्यांनी घरी पाठवलं.

हे समजायला नियम लक्षात घे. निवडणूक फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी. मतपत्रिकेवर पक्ष नाही, चिन्ह नाही, नुसती नावं. कुणी निम्म्याच्या वर गेला तर तिथेच निकाल. नाही गेला तर पहिल्या दोघांची एप्रिलमध्ये पुन्हा लढत. तिसऱ्याला काहीही नाही, मग तो विद्यमान महापौर का असेना. ही पद्धत १९९९ पासूनची. त्याआधी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक फेरी जिंकली की महापौरपद जवळजवळ खिशात, आणि तिथे एक मत जास्त मिळालं तरी भागायचं. १९८३ मध्ये जेन बर्न या महापौर तशाच पडल्या. त्या आणि तरुण रिचर्ड डेली, दोघेही गोऱ्या मतदारांच्या जोरावर उभे. त्यांना अंदाजे ३३ आणि ३० टक्के मिळाले आणि ३६ टक्क्यांवर हॅरल्ड वॉशिंग्टन पुढे गेले, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. आपल्याकडे ज्याला मतविभाजन म्हणतात ते हेच. लोकांनी निवडून दिलेल्या महापौरांपैकी बर्नबाईंनंतर चाळीस वर्षांनी पडलेल्या पहिल्या म्हणजे लाइटफूट.

पण सतरा टक्क्यांतली खरी गंमत वॉर्डवार आकडे मांडल्याशिवाय दिसत नाही. २०१९ ला पहिल्या फेरीत त्यांचा जोर होता उत्तरेला, मिशिगन तळ्याकाठच्या सुशिक्षित, बहुतांशी गोऱ्या वस्त्यांत. दक्षिण आणि पश्चिम भागातले कितीतरी कृष्णवर्णीय वॉर्ड तेव्हा विली विल्सन या व्यापाऱ्याकडे गेले होते. २०२३ ला बरोबर उलटं. उत्तरेचा तळ्याकाठ हातचा गेला आणि दक्षिण-पश्चिमेचे कृष्णवर्णीय वॉर्ड त्यांच्याकडे आले. मतं जवळपास तेवढीच, माणसं दुसरी. ज्यांनी बदल हवा म्हणून खुर्चीवर बसवलं ते पांगले, आणि खुर्चीवर असलेल्या माणसाला धरून राहणारे नवे मिळाले. सत्तेत असलेल्याला मतं मिळतात ती अशी, बदली. बदली मतदार पुरेसे नसतात, कारण तिथे दुसरेही वाटेकरी असतात. त्या वॉर्डांत २०२३ ला विल्सन पुन्हा उभे होतेच (शहरभरात ९ टक्के), शिवाय ब्रँडन जॉन्सन आणि आणखी चार कृष्णवर्णीय उमेदवार.

जुने का पांगले, ते थोडक्यात सांगतो. २०२१ मध्ये खुनांचा आकडा ८०० च्या आसपास गेला, पंचवीस वर्षांतला उच्चांक. शिक्षकांच्या संघटनेशी भांडण, २०१९ मधला ११ दिवसांचा संप, २०२२ च्या जानेवारीत पुन्हा पाच दिवस वर्ग बंद. करोना तर होताच. प्रत्येक भांडणात थोडे थोडे गळत गेले.

प्रचारातली चूक मात्र नियम नीट न वाचल्यासारखी. विद्यमान महापौराला पहिल्या फेरीत जिंकायचं नसतं, दुसरा नंबर राखायचा असतो. म्हणजे तोफ कुणावर डागायची? तुझ्या जागेवर कोण येऊ शकतो, त्याच्यावर. डिसेंबरात त्यांना वाटलं तो माणूस म्हणजे खासदार चुई गार्सिया. जाहिराती त्यांच्यावर झाडल्या आणि त्या लागूही पडल्या, गार्सिया १३.७ टक्क्यांवर उतरले. पण निसटलेली मतं लाइटफूटबाईंकडे थोडीच येणार होती? ती जॉन्सनकडे गेली. जॉन्सन डिसेंबरातल्या पाहण्यांमध्ये एक आकडी होते, पाठीशी शिक्षक संघटनेचा पैसा आणि घरोघर फिरणारी माणसं. मोर्चा त्यांच्याकडे वळवला तेव्हा वेळ उलटून गेली होती. एकाला मारायचं आणि दुसऱ्याचंच पोट भरायचं, हा प्रकार तू तुझ्या प्रभागात पाहिला असशीलच. त्यात जानेवारीत त्यांच्या प्रचारयंत्रणेने सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या कामाच्या ईमेलवर पत्रं धाडली: विद्यार्थी प्रचाराला पाठवा, त्यांना वर्गात श्रेय द्या. चूक झाली असं स्वतः म्हणावं लागलं. सत्ताधाऱ्याला असली चूक दुप्पट महाग पडते, कारण तो ज्यांच्याकडे मदत मागतो ते त्याच्याच हाताखालचे असतात.

तू उमेदवारी अर्जाबद्दल विचारलंस, ते सविस्तर लिहितो, कारण तुझ्यासारख्या छाननीच्या टेबलावर बसलेल्या माणसालाच त्यातली चव कळेल. आपल्याकडे सूचक, अनुमोदक आणि अनामत रक्कम. तिथे अनामत नाही, फी नाही. त्याऐवजी १२,५०० नोंदणीकृत मतदारांच्या वैध सह्या, नव्वद दिवसांत गोळा करायच्या. २०२३ साठी ही मुदत ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत होती. सही करणारा शहरातल्या त्याच पत्त्यावर नोंदलेला हवा. घर बदललं आणि नोंद जुन्या पत्त्यावर राहिली, की सही बाद. नवऱ्याने बायकोची केली, बाद. नोंदणीच्या वेळी एकात एक गुंतवलेली सही आणि इथे सुटं अक्षर, तर वाद. दोन उमेदवारांच्या कागदांवर सही केली असेल तर आधीची धरतात, नंतरची उडते. प्रत्येक पानाखाली ते पान फिरवणाऱ्याने नोटरीसमोर शपथेवर सही करायची. तिथे गडबड निघाली तर एक ओळ जात नाही, अख्खं पान जातं. पानांना ओळीने क्रमांक, आणि गठ्ठा बांधलेला हवा.

अर्ज भरला की हरकतींसाठी कामाचे पाच दिवस. हरकत घेणाऱ्याने ओळ न् ओळ सांगायची: अमुक पान, अमुक ओळ, अमुक कारण. मग निवडणूक मंडळाचा कर्मचारी संगणकावर मतदाराची मूळ नोंदणीची सही काढतो, कागदावरची शेजारी धरतो आणि तिथल्या तिथे निर्णय देतो, ‘चालेल’ किंवा ‘बाद’. त्याच्या दोन्ही खांद्यांवरून दोन्ही बाजूंचे लोक वाकून बघत असतात. पटलं नाही तर नोंद करायची, पुढे सुनावणी. हजारो ओळींचं हे काम चालतं दिवसचे दिवस. म्हणून तिथला जाणता कार्यकर्ता सांगतो, लागतात त्याच्या तिप्पट आणा. निम्म्या उडाल्या तरी उरतील, आणि गठ्ठ्याची जाडी बघूनच समोरचा हरकत घ्यायची की नाही ते ठरवतो. छोट्या उमेदवाराला मत मागण्याआधीच वकिलावर पैसे घालवून संपवायचा हा जुना शिकागो मार्ग. आणखी एक खुबी: पहिल्या दिवशी सकाळी नऊला जे रांगेत असतात त्यांच्यात मतपत्रिकेवरच्या पहिल्या जागेसाठी चिठ्ठ्या पडतात, आणि शेवटच्या दिवशी शेवटच्या तासात येणाऱ्यांत शेवटच्या जागेसाठी. त्यामुळे थंडीत पहाटेपासून रांग, आणि शेवटच्या संध्याकाळी मुद्दाम उशीर. मधले लोक मधेच राहतात.

पैशाचंही सांगतो. २०२३ मध्ये एका व्यक्तीकडून घ्यायच्या देणगीला ६,९०० डॉलरची मर्यादा होती. पण कुणी उमेदवार स्वतःच्या खिशातून एक लाखाच्या वर घालतो तेव्हा त्या लढतीत सगळ्यांचीच मर्यादा उठते. विल्सन यांनी आपले लाखो डॉलर घातले आणि दार उघडलं. त्यातून मोठमोठे चेक आत आले, पॉल व्हॅलस या उमेदवारासाठीही. नियम बनवणाऱ्याला हे सुचलं नसेल असं मला वाटत नाही.

व्हॅलस ३३ टक्क्यांवर पहिले आले. हेच गृहस्थ २०१९ ला पाच टक्क्यांत होते. गुन्हेगारीचा मुद्दा आणि पोलिसांच्या संघटनेचा पाठिंबा, एवढ्यावर गाडी पळाली. त्यांचे वॉर्ड कुठले ते बघ. शहराच्या नोकरदाराने शहरातच राहायला हवं असा नियम आहे. त्यामुळे पोलीस, अग्निशामक दलवाले शहराच्या अगदी कडेला जाऊन राहतात, पुढचं पाऊल हद्दीबाहेर पडेल अशा ठिकाणी. वायव्येला एडिसन पार्क, नैर्ऋत्येला माउंट ग्रीनवुड. मतदान तिथे नेहमी जास्त. शहरभर पहिल्या फेरीत ३६ टक्क्यांच्या आसपासच लोक आले, तेव्हा जिथे बूथ भरतो त्या कडेला वजन फार.

दुसऱ्या फेरीत मात्र हीच कड कमी पडली. ४ एप्रिलला जॉन्सन ५२.२, व्हॅलस ४७.८, फरक सुमारे २६ हजार मतांचा. लाइटफूटबाईंनी कुणालाच पाठिंबा दिला नाही, गार्सियांनी जॉन्सनना दिला, विल्सननी व्हॅलसना. पण नेत्यांच्या सांगण्यावर मतं हलली असं मानू नकोस. विल्सन व्हॅलसबरोबर गेले आणि त्यांचे कृष्णवर्णीय वॉर्ड जॉन्सनच्या पारड्यात पडले, साधारण दहातली आठ मतं. व्हॅलस एकदा टीव्हीवर आपण डेमोक्रॅटपेक्षा रिपब्लिकन जास्त असल्याचं म्हणाले होते, ती जुनी फीत जॉन्सनच्या लोकांनी सतत वाजवली. या शहरात ते वाक्य पोलिसांच्या पाठिंब्यापेक्षा जड. आणि हो, निकालाच्या रात्री टीव्हीवरचा आकडा अंतिम धरू नकोस. मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असलेली मतं पुढचे चौदा दिवस येत राहतात आणि मोजली जातात. फरक थोडा असेल तर हजारो मतपत्रिका अजून टपालात असतात, एवढं ध्यानात ठेवून गुलाल उधळावा.

बर्फाचा किस्सा तुला ऐकीव माहीत आहे, तो नीट सांगतो. १९७९ च्या जानेवारीत दोन दिवसांत वीस इंच बर्फ पडला, आधीचा तसाच साचलेला होता. रस्ते साफ होईनात, कचरा उचलला जाईना. मायकल बिलँडिक महापौर होते. पण बर्फापेक्षा जास्त भोवला गाड्यांचा निर्णय: रूळ अडतात म्हणून उन्नत रेल्वेच्या गाड्या कृष्णवर्णीय वस्त्यांतली काही स्थानकं वगळून पुढे पळवल्या. गारठ्यात फलाटावर उभं राहून आपली गाडी न थांबता जाताना पाहिलेला माणूस सहा आठवड्यांत ते विसरत नाही, आणि प्राथमिक फेरी सहा आठवड्यांवरच होती. जेन बर्न यांना बिलँडिकनीच १९७७ मध्ये नोकरीवरून काढलं होतं. त्या सुमारे १७ हजार मतांनी जिंकल्या. तेव्हापासून आकाश भरून आलं की नांगर लावलेले ट्रक आधी निघतात, बर्फ नंतर पडतो. गल्लीबोळात मात्र अजूनही लोक स्वतः फावड्याने जागा करतात आणि ती अडवायला तिथे घरातली मोडकी खुर्ची ठेवतात. ती खुर्ची हलवायची कुणाची टाप नाही, महापौराचीसुद्धा.

पडता पडता वाचलेल्याचं उदाहरण हवं होतं ना तुला? २०१५, तेव्हाचे महापौर राह्म इमॅन्युएल. पहिल्या फेरीत ४५.६ टक्के, निम्म्याला कमी, म्हणून शहराच्या इतिहासातली पहिली दुसरी फेरी. समोर हेच गार्सिया. इमॅन्युएलनी स्वेटर घालून जाहिरात केली आणि आपण लोकांना खुपतो हे कबूल केलं, तेवढ्याने आणि पैशाने ते तरले. दुसऱ्या फेरीनंतर आठ दिवसांनी नगरसभेने लाक्वान मॅकडॉनल्ड या पोलिसांच्या गोळीने मेलेल्या मुलाच्या घरच्यांना ५० लाख डॉलर मंजूर केले. गोळीबाराची चित्रफीत बाहेर आली नोव्हेंबरात, न्यायालयाने सांगितल्यावर. तीच आधी आली असती तर काय झालं असतं यावर तिथे अजून वाद चालतो. २०१८ मध्ये त्यांनी तिसऱ्यांदा उभं राहायचं टाळलं.

पुढचं मतदान २३ फेब्रुवारी २०२७ ला आहे. पहिली यादी आली की कोण जिंकणार हे विचारू नकोस, तिसरा कोण आणि त्याची मतं कुठल्या वॉर्डांतली ते विचार. तोवर तुझ्या प्रभागाचे गेल्या दोन निवडणुकांचे बूथवार आकडे पाठव. तुमच्या त्या ‘हक्काच्या’ मतांतली किती माणसं तीच आहेत ते वॉर्डाच्या नकाशावर मांडून बघू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद